डिटॉक्सला नेताय? गर्द, गोळ्या, दारू सोडवायला निघालेल्या घरच्यांसाठी पहिल्या पायरीची माहिती

घरात कुणीतरी गर्द (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइन), गोळ्या, एमडी नाहीतर दारूत अडकलेलं असतं आणि एक दिवस तो स्वतःच म्हणतो, बास झालं, मला सोडायचंय. मग सगळं घर एकदम हलतं, कुणी गूगल करतं, कुणी मावसभावाला फोन लावतं, कुणी एखादा बुवा सुचवतं, आणि या गडबडीत त्याचं मन खरंच तयार असतं ते एक-दोन दिवस निघून जातात. माझा धाकटा भाऊ बरीच वर्षं गर्दवर होता, गर्द मिळेना तेव्हा गोळ्या पण. त्याच्यासाठी आम्ही पुण्या-मुंबईत खूप फिरलो, देवमाणसं भेटली, लुबाडणारेही भेटले. जे कळलं ते क्रमाने लिहितेय म्हणजे तुमचे ते एक-दोन दिवस वाचतील. मी डॉक्टर नाही, डोस मुद्दाम लिहीत नाहीये, आणि दुसऱ्या कुणी फोनवर सांगितले तरी ते देऊ नका.

आधी एक गोष्ट पक्की करा. डिटॉक्स म्हणजे शरीरातलं ड्रग उतरवायचं आणि उतरताना जो त्रास होतो (गर्दवाली मुलं त्याला टर्की म्हणतात) तो औषधं देऊन सहन होईल इतपत आणायचा. साधारण आठवडा-दहा दिवसांचं काम. व्यसन त्याने जात नाही, तलप तर अजिबात जात नाही. आणि सगळ्यात जास्त धोका डिटॉक्सच्या आधी नसतो, नंतर असतो, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि डोक्यातला जुना डोस तसाच असतो. म्हणून दहा दिवसांनंतर हा कुठे जाणार हे ठरवूनच डिटॉक्सचा बेड घ्या. पुढचं सगळं मी याच हिशोबाने लिहिलंय.

१. काय घेतो, किती घेतो, शेवटचं कधी घेतलं : सगळं कागदावर लिहा

डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतात आणि निम्म्या घरांना उत्तर येत नाही. "ड्रग्ज घेतो" एवढं सांगून काही होत नाही, कारण प्रत्येक नशेचं उतरणं वेगळं असतं आणि औषधंही वेगळी.

म्हणून त्याच्याशी शांतपणे बसा. सकाळी बसा, तो तलपेत नसताना आणि नशेतही नसताना. लिहा : गर्द असेल तर दिवसाला किती पुड्या, पन्नीवर (चांदीच्या कागदावर) ओढतो की टोचून घेतो. गोळ्या असतील तर रिकामं पाकीट शोधा, नाव नीट बघा. आपल्याकडे मालेगाव-नाशिककडे "कुत्ता गोळी" म्हणतात, मराठवाड्यात "बटन" म्हणतात, डॉक्टरांना या नावांनी नेमकं कळत नाही, बहुतेक वेळा ती अल्प्राझोलाम किंवा नायट्राझेपाम असते पण पाकीट असेल तर खात्री होते. खोकल्याचं औषध पितो का, काहींत कोडीन असतं, ते गर्दच्याच जातीचं. ट्रामाडॉलची (दुखण्यावरची, तीही त्याच जातीची) कॅप्सूल घेतो का. वर दारू किती. शेवटचं कुठल्या दिवशी, किती वाजता. आधी कधी बंद केलं होतं का आणि तेव्हा फिट आली होती का, भ्रम झाला होता का. बाकी आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, कधी स्वतःला इजा करून घ्यायचा प्रयत्न.

इथे तो कमी सांगणार हे धरूनच चाला. बहुतेक जण तुमच्यासमोर कमी सांगतात आणि डॉक्टरांसमोर जास्त, कारण तिथे औषध जास्त मिळेल असं वाटतं. म्हणून डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. लघवीची ड्रग टेस्ट केली तर तो अविश्वास समजू नका, डॉक्टरांना औषध ठरवायला ती उपयोगी पडते.

२. घरी करायचं की ॲडमिट करायचं

हे डॉक्टर ठरवतील, पण कुठल्या नशेत जिवाला धोका आहे एवढं घरच्यांना माहीत पाहिजेच.

गर्दची टर्की बघायला सगळ्यात भयानक असते. जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, पाय सतत झाडणं. पण बाकी तब्येत धड असेल तर त्याने माणूस सहसा मरत नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी फार कमी झालं, हार्टचा त्रास असला किंवा पोटात बाळ असलं तर मात्र गोष्ट वेगळी.

दारू आणि झोपेच्या-शांततेच्या गोळ्या यांचं उलटं आहे. बाहेरून नुसते हात थरथरताना दिसतात, घाम दिसतो, घरच्यांना वाटतं उतारा न घेता राहिलाय, छान, आणि दुसऱ्या दिवशी फिट येते. दारू बंद केल्यावर सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, फिट साधारण पहिल्या दोन दिवसांत येते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना तो भयंकर भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, ताप चढतो, बीपी वाढतं. त्याला डिलिरियम म्हणतात आणि उपचार नाही मिळाले तर त्यात माणूस जातो. कुत्ता गोळी, बटन यांचंही असंच आहे, अचानक बंद केल्या तर फिट येते, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करत आणतात, कधी कधी काही आठवडे लागतात. "गोळ्या संडासात टाकल्या आणि खोलीत कोंडलं" हे ज्या घरांनी केलं त्यांना मध्यरात्री हॉस्पिटल शोधत फिरावं लागलंय.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. भारतात २०१५ मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, त्याआधीच मुंबईत पोरांच्या हातात पोचलेलं होतं. ते बंद केलं की शरीराला फार त्रास दिसत नाही, नुसता झोपतो, खातो, परत झोपतो, आणि मग मन एकदम तळाला जातं. संशय येतो, जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागतो. इथे फिटपेक्षा आत्महत्येचा धोका मोठा, एकटं ठेवायचं नाही. गांजाचं त्या मानाने सौम्य, चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, एक-दोन आठवडे.

तर ॲडमिट करायलाच पाहिजे असं कोण : रोज भरपूर दारू पिणारा, गोळ्या घेणारा, दोन-तीन गोष्टी एकत्र घेणारा, आधी फिट किंवा भ्रम झालेला, हार्ट-लिव्हर-टीबीचा पेशंट, जीव द्यायचं बोलणारा, ज्याच्या घरी सोबतीला कुणी नाही. आणि गरोदर बाई. गरोदरपणात गर्द किंवा तसल्या गोळ्या अचानक तोडल्या तर बाळाला धोका असतो, तिला बहुतेक वेळा डिटॉक्स न करता डॉक्टरांच्या औषधावर स्थिर ठेवतात, त्यामुळे "आधी सोड मग दवाखान्यात नेतो" असं तिला म्हणू नका, आधी दवाखाना.

बाकीच्यांना, गर्दवाल्यालाही, डॉक्टर ओपीडीतून गोळ्या देऊन घरी डिटॉक्स करू शकतात. पण घरात एक खंबीर माणूस पाहिजे, गोळ्या त्याच्याच ताब्यात राहिल्या पाहिजेत आणि रोज डॉक्टरांना दाखवणं जमलं पाहिजे.

३. कुठे जायचं

सुरुवात फोनने करा. नशामुक्तीसाठी सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १४४४६. मानसिक त्रासासाठी टेली-मानस, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. तुमच्या जिल्ह्यात काय सोय आहे ते यांना विचारा.

सरकारी मार्ग : मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा आणि ओपीडीत थेट सांगायचं की डिटॉक्ससाठी आलोय. गर्दी असते, बेड लगेच मिळेल असं नाही, पण फिट आली, बीपी चढलं तर सगळे डॉक्टर एका आवारात असतात आणि खर्च नावाला. दारू आणि गोळ्यांच्या पेशंटला मी तरी आधी इथेच न्या म्हणेन. काही सरकारी हॉस्पिटलांत व्यसनासाठी वेगळं उपचार केंद्र आहे, ते विचारून घ्या. टोचून घेणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमातून ओएसटी सेंटर (टोचण्याऐवजी तोंडातून औषध देणारी केंद्रं) चालतात, तिथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी फुकट, रोज समोर बसवून देतात.

संस्थांचा मार्ग : पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. ऐंशीच्या दशकात गर्द मुंबई-पुण्यात पसरली तेव्हा डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू केलं. तिथला निवासी कार्यक्रम ३५ दिवसांचा, बायकांसाठी वेगळा विभाग. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे, त्यांची केंद्रं इतर ठिकाणी पण आहेत. शिवाय बऱ्याच जिल्ह्यांत केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. संस्थेचा फायदा हा की डिटॉक्स आणि पुढचं समुपदेशन एकाच छपराखाली होतं, मध्ये घरी यायची वेळच येत नाही. आणि तो मधला काळच सगळ्यात वाईट.

पोलिसांची भीती सगळ्यांना असते. आमच्या आईला तर हीच पहिली भीती होती, की दवाखान्यात सांगितलं तर पोरगा आत जाईल. तसं नाहीये. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जमुळे आलेल्या मानसिक त्रासाचाही समावेश आहे, त्यामुळे पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि सेवनाची किंवा थोड्या प्रमाणात माल सापडल्याची केस आधीच असेल तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ए वकिलाला विचारा. स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट टाकले तर ती सूट काढूनही घेतात, हे पण लक्षात ठेवा.

४. केंद्र बघताना फसू नका

यावर जरा जास्त लिहिते, कारण घरचे सगळ्यात जास्त इथेच लुटले जातात.

ऑनलाइन शोधलं की पहिले चार-पाच नंबर बरेचदा एजंटचे असतात. गोड बोलतात, बेड शेवटचा आहे म्हणतात, ॲडव्हान्स आताच टाका म्हणतात. आम्हाला एका ठिकाणी असंच सांगितलं होतं, प्रत्यक्षात गेलो तर हॉलमध्ये गाद्या टाकलेल्या, डॉक्टर "आठवड्यातून एकदा येतात", आणि दाराला बाहेरून कुलूप. आम्ही तिथूनच परत फिरलो. पैसे आधी टाकू नका, जागा डोळ्यांनी बघा, आत जाऊन बघू देत नसतील तर तिथे ठेवूच नका.

विचारायचे प्रश्न हे : राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, कागद दाखवा. मानसोपचारतज्ज्ञ कोण आणि रोज येतात का. रात्री नर्स असते का. फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलात नेता. कुठली औषधं देणार ते लेखी देता का. घरच्यांना फोन, भेट कधी. सगळे मिळून किती पैसे आणि मध्ये सोडून गेला तर किती परत. जिथे सरळ उत्तरं मिळतात तिथे निम्मी काळजी मिटते.

"आमची टीम येऊन उचलून नेईल" असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. रात्री चार माणसं येतात, बांधून गाडीत घालतात, घरच्यांना वाटतं सुटलो. साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. मारहाण तर उपचार नाहीच. आणि असा नेलेला मुलगा पुढे कुठल्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही, हे मी दोन-तीन घरांत बघितलंय.

मग तो तयारच नसेल तर? कायद्यात मार्ग आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याइतकी, किंवा स्वतःची काळजी घेता न येण्याइतकी हालत असेल तर त्याच्या वतीने नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे बहुतेक वेळा घरचंच माणूस, अर्ज करतो, डॉक्टर तपासून खात्री करतात आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. हे नोंदणी असलेल्या ठिकाणीच होतं. स्वतःहून ॲडमिट झालेला माणूस मात्र डिस्चार्ज मागू शकतो, डॉक्टरांना शंका असेल तर ते तपासणीसाठी २४ तास थांबवू शकतात. म्हणून तिसऱ्या दिवशी "मला घरी न्या" असा फोन येणार, त्याची मनाची तयारी आजच करा.

अजून एक. "न कळत दारू सोडवा" अशा पावडरींच्या जाहिराती रिक्षाच्या मागे, पेपरात दिसतात. पावडरीत काय आहे ते कुणी सांगत नाही. दारूवर डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, ते पोटात असताना दारू प्यायली की उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं, म्हणून डॉक्टर ते पेशंटला पूर्ण सांगून, त्याची संमती घेऊनच देतात. असलं काही आमटीत कालवून देणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. प्लीज करू नका.

मेडिक्लेमच्या भरवशावर पण बसू नका. बऱ्याच पॉलिसीत दारू-ड्रग्जच्या व्यसनाचे उपचार वगळलेले असतात, वगळण्याच्या यादीत बारा नंबरला बघा, आधी फोन करून लेखी विचारा.

५. कागद आणि बॅग

पेशंटचं आधार, सोबतच्या माणसाचं आधार, दोघांचे दोन-दोन फोटो, रेशन कार्डाची झेरॉक्स (सरकारी ठिकाणी सवलतीसाठी मागतात), जुने रिपोर्ट आणि चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं, पायरी १ मधला कागद. नोकरी असेल तर ऑफिसला रजेचा अर्ज, डॉक्टरांचं सर्टिफिकेट नंतर मिळतं, त्यावर व्यसनाचा उल्लेख नको असेल तर आधीच बोलून घ्या.

बॅगेत सैल कपडे जास्तीचे, घाम आणि जुलाबांमुळे बदलावे लागतात. चादर, टॉवेल, स्लीपर, चश्मा. नाडीची पँट, पट्टा, ब्लेड, काच नको. आफ्टरशेव्ह, डिओ, माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं. कॅश आणि मोबाईल बहुतेक ठिकाणी ठेवू देत नाहीत. निघायच्या आधी बॅग, चपला, शर्टाची कॉलर, पाकिटाचे कप्पे तपासा, त्याच्यासमोरच तपासा म्हणजे चोरून बघितल्यासारखं होत नाही. तंबाखू-सिगारेटचा नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे, आधी विचारून त्याला सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी त्यावरून भांडण.

६. ते सात-दहा दिवस

इथे मी गर्दचं सांगते, कारण तेच जवळून बघितलंय.

शेवटच्या पुडीनंतर साधारण आठ-बारा तासांत जांभया सुरू होतात. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. मग पाचव्या दिवसापासून उतार पडायला लागतो, आठवडा-दहा दिवसांत शरीराचा बराचसा त्रास जातो. झोप मात्र येत नाही, काही आठवडे येत नाही, आणि हे कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून मुलगा घाबरतो की आपण आता कधीच झोपणार नाही. येते झोप. त्याला रोज सांगा.

औषधं दोन प्रकारची. एक ब्युप्रेनॉर्फिन, जिभेखाली ठेवायची गोळी, गर्दच्याच जागेवर जाऊन बसते पण तशी नशा देत नाही, मग हळूहळू कमी करतात किंवा पुढे चालू ठेवतात. दुसरं म्हणजे एकेका त्रासाचं औषध : क्लोनिडिन, जुलाबाचं, उलटीचं, अंगदुखीचं. क्लोनिडिनने बीपी खाली येतं, झटकन उठलं की चक्कर येते, संडासला जाताना धरा.

एक सापळा इथे आहे. ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी टर्की नीट सुरू झाल्यावरच देतात. गर्द अंगात असताना दिली तर उलट टर्की एकदम अंगावर येते, आणि मुलगा म्हणतो या औषधाने मी मेलो. म्हणून शेवटची वेळ खरी सांगायची. काही जण "थोडं घेऊन जातो म्हणजे प्रवासात त्रास नको" म्हणतात, घेतलं असेल तर घेतलं, पण डॉक्टरांना सांगा. बाहेरून ब्लॅकने घेतलेली हीच गोळी घरी देऊ नका.

घरी करत असाल तर खायला बळजबरी नको. पेज, मऊ भात, ताक, नारळपाणी, ओआरएस घोट-घोट. गरम पाण्याने अंघोळ दिवसातून दोन-तीनदा केली तरी चालेल, पायांची वळवळ थोडी थांबते. खोलीत एकच माणूस, पंखा कमी, पांघरूण जवळ. प्रवचन नको, "बघ काय करून घेतलंस" तर अजिबात नको, त्याला ते माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी तो रडेल, हात जोडेल, शिव्या देईल, शपथा घेईल. एकदाच आणून द्या म्हणेल. उत्तर एकच ठेवा, घरातल्या सगळ्यांनी तेच द्यायचं : डॉक्टरांना विचारतो. आई पाघळते, हे जवळपास सगळ्या घरांत होतं, म्हणून आईला त्या दोन दिवसांत एकटीला त्याच्याजवळ ठेवू नका.

हे दिसलं तर वाट बघायची नाही, १०८ लावा नाहीतर रिक्षात घालून हॉस्पिटल : फिट, असंबद्ध बोलणं, नसलेलं दिसणं, जोराचा ताप, छातीत दुखणं, रक्ताची उलटी, पाणीसुद्धा पोटात न टिकणं, लघवी बंद होणं, जीव द्यायची भाषा.

याच दिवसांत रक्त तपासून घ्या, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी. टोचून घेणारा असेल तर नक्कीच. घरचे घाबरून टाळतात, पण तिन्हीवर सरकारी दवाखान्यात उपचार फुकट आहेत.

७. डिस्चार्जच्या आधीच पुढचं ठरवा

दहाव्या दिवशी तो आंघोळ करून, दाढी करून समोर बसतो, पोटभर जेवतो, चेहऱ्यावर तेज आलेलं असतं, आणि घरातले म्हणतात झाला बरा, चला घरी. तो पण म्हणतो आता मी स्वतःच्या हिमतीवर राहीन. त्याला त्या क्षणी खरंच तसं वाटतं, खोटं नाही बोलत तो. पण तलप डोक्यात बसलेली असते, जुना कट्टा, जुना मित्र, पगाराचा दिवस, नुसती पन्नी दिसली तरी उठते.

रस्ते ढोबळमानाने तीन. एक, निवासी पुनर्वसन, डिटॉक्सच्या बेडवरून थेट तिथे. दोन, औषध चालू ठेवणं : गर्दवाल्याला ब्युप्रेनॉर्फिन महिनोन् महिने, गरज पडली तर वर्षानुवर्षं. लोक म्हणतात एक नशा सोडून दुसरी लावली. तसं नाहीये, तो कामाला जातो, पगार घरी आणतो, पुडी शोधत फिरत नाही, आणि जिवंत राहतो. डॉक्टर म्हणत असतील तर नातेवाइकांच्या दबावाखाली बंद करू नका. नालट्रेक्सोन हे दुसरं औषध, ते गर्दचा असर रोखतं, पण गर्द बंद होऊन साधारण सात ते दहा दिवस झाल्यावरच सुरू करतात, आधी दिलं तर परत टर्की. तीन, ओपीडी समुपदेशन आणि नार्कोटिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगा, फुकट असतात, तिथे बसणारे सगळे त्यातून गेलेले असतात. हे तिन्ही एकत्र चालतात, चालले तर उत्तमच.

डिस्चार्ज पेपरवर पुढची तारीख, गोळ्यांची नावं, संध्याकाळी फोन करायचा नंबर लिहून घेतल्याशिवाय गेट सोडू नका. पहिली फॉलोअप तारीख आठवड्याच्या आतली मागा.

घरी येण्याआधी त्याच्यासाठी नवीन सिमकार्ड, पन्नी-लायटर-जुन्या पुड्या शोधून साफ, पगार काही महिने दुसऱ्याच्या खात्यात, हे त्याच्याशी बोलून, त्याच्या होकाराने.

८. परत घेतलं तर

घेऊ शकतो. आमच्याकडेही झालं. यात जी गोष्ट प्रत्येक घराला माहीत पाहिजे ती आता सांगते.

डिटॉक्स झाल्यावर शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. आधी जो डोस त्याला पुरत नव्हता तोच आता श्वास थांबवू शकतो, वर दारू किंवा झोपेच्या गोळ्या असल्या तर फारच. पुडीत भेसळ किती, माल किती, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. केंद्रातून, जेलमधून, हॉस्पिटलातून बाहेर आल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सगळ्यात धोक्याचे. ही गोष्ट त्याला डिस्चार्जच्या आधी, डॉक्टरांच्या समोर, स्पष्ट शब्दांत सांगा. घरच्यांना वाटतं असं सांगितलं म्हणजे परवानगी दिल्यासारखं होईल. होत नाही. त्याने जीव वाचतो.

ओव्हरडोस कसा ओळखायचा : हलवलं तरी उठत नाही, श्वास फार हळू किंवा घोरल्यासारखा घरघर, ओठ-नखं निळी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. लगेच १०८. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, तोंड थोडं खाली, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. श्वास थांबला असेल तर कृत्रिम श्वास द्या, छाती दाबणं तुम्हाला जमत असेल तर तेही करा, कसं ते १०८ वाल्यांना फोनवर विचारा. तोंडात पाणी, कांदा, मिठाचं पाणी काही घालू नका, थंड पाण्याखाली धरू नका, "झोपू दे, उतरेल" म्हणून सोडू नका. हॉस्पिटलात गर्द घेतल्याचं पहिल्या वाक्यात सांगा, नालोक्झोन नावाचं इंजेक्शन त्यावर लगेच काम करतं, पण त्याचा असर लवकर उतरतो म्हणून शुद्धीवर आला तरी काही तास तिथेच ठेवा.

आणि नुसती स्लिप झाली, एकदा घेतलं आणि येऊन सांगितलं, तर दार बंद करू नका. त्याच दिवशी त्याच डॉक्टरांना फोन, किती घेतलं ते सांगून. पहिल्या दिवशी फोन केला तर बऱ्याचदा परत पूर्ण डिटॉक्स लागत पण नाही, महिनाभर लपवलं की सगळं पायरी १ पासून.

९. तुमचं स्वतःचं

हे शेवटी लिहिलंय पण सुरू पहिल्या दिवशीच करा. तो ॲडमिट असेल त्या दिवसांत घरच्यांसाठीच्या मीटिंगला जा, बऱ्याच केंद्रांत आठवड्याला असते, दारू असेल तर अल-अनॉन (दारुड्यांच्या घरच्यांचा गट) आहे. उधारीवाले दारात येतील, त्यांना त्याच्या वतीने पैसे द्यायचे नाहीत, तो बरा झाल्यावर स्वतः देईल असं सांगायचं. घरात लहान मुलं असतील तर त्यांना "बाबा आजारी आहे, दवाखान्यात आहे" एवढं खरं सांगा, ती बाहेरून वेडंवाकडं ऐकण्यापेक्षा ते बरं. मारहाण होत असेल तर तो नशेत असो की टर्कीत, तुम्ही आधी घराबाहेर पडा, बायकांसाठी १८१ आहे, पोलिसांसाठी ११२ आहे.

आणि हे तीन नंबर आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा : १४४४६, १४४१६, १०८. चौथा, तुमच्या जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीचा, तो उद्या सकाळी जाऊन विचारून या, कुठल्या वारी असते, किती वाजता केस पेपर बंद होतो. तो आज तयार नसला तरी जाऊन या.